नदीगावची लेव्ही

अमेरिकेतल्या एका लहानशा गावात कोण हत्तीला मत देतं आणि कोण गाढवाला, हे एके काळी मला घरोघर ठाऊक होतं. बंगळूरच्या आमच्या चिकपेठेच्या गल्लीतून निवडणुकीला कोण उभं आहे, हे मात्र मी दिरांना विचारायची. ते गाव मी पाहिलेलं नाही, पुढे पाहीन असंही वाटत नाही. पण तिथल्या न्हाव्याची कात्री कशी वाजते, पुलाजवळच्या घरातला कुत्रा कुणाला बघून भुंकतो, हे मी आजही सांगू शकेन.

हत्ती आणि गाढव ही तिकडच्या दोन मोठ्या पक्षांची चिन्हं. नावं लांबलचक, म्हणून आमच्या ऑफिसात चिन्हांवरच काम भागायचं. आपल्याकडेही लोक चिन्ह बघूनच शिक्का मारायचे, त्यामुळे त्यात आम्हांला काही वावगं वाटलं नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटच्या वर्षांतली ही गोष्ट. आधीच्या कारखान्यात मी स्टेनो होते. तिथून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि घरी बसून कंटाळले. जयनगरात एका घराच्या पहिल्या मजल्यावर प्रभाकर सरांनी नवीन कंपनी काढली होती, तिथे जाऊ लागले. खाली घरमालक राहायचे. अकरा वाजले की त्यांच्या स्वयंपाकघरातून हुळीच्या, म्हणजे सांबाराच्या, फोडणीचा वास वर यायचा आणि आम्हा सगळ्यांचं टायपिंग जरा मंदावायचं.

काम असं होतं. अमेरिकेतले डॉक्टर रोग्याला तपासून झालं की टेपरेकॉर्डरमध्ये बोलून ठेवायचे. त्या कॅसेट आमच्याकडे यायच्या, आम्ही कानाला हेडफोन लावून ऐकायचो आणि टाइप करायचो. टेबलाखाली पायाशी एक पेडल असायचं. दाबलं की टेप पुढे, टाच मारली की मागे. शिवणयंत्र चालवलेल्या बायकांना ते पटकन जमायचं. मी कापडवाल्यांची मुलगी, माझा पाय पहिल्याच दिवशी बसला. कान बसायला मात्र पुष्कळ वेळ लागला. बोलणारा तोंडात सँडविच घेऊन बोलतोय की त्याच्या भागातली माणसं तशीच बोलतात, हे कळायलाच कितीतरी दिवस जायचे.

प्रभाकर सरांचा नियम एकच. "कानाला आलं ते लिहा. डोक्याला आलं ते लिहू नका." डॉक्टर चुकीचं बोलला असं वाटलं तरी बोलला तेच लिहायचं. मी जुनी स्टेनो. साहेबाचं इंग्रजी गुपचूप सुधारून देण्यात माझी हयात गेलेली. मला हा नियम फार जाचायचा.

सरांचे मेहुणे तिकडे एका विद्यापीठात शिकवायचे. त्यांच्या ओळखीनं एक निराळंच काम आलं. रूथ नावाच्या प्राध्यापकबाई राज्यशास्त्र शिकवत होत्या. त्या एका नदीकाठच्या गावात जाऊन, घरोघर बसून, लोक मत कसं ठरवतात ते विचारत होत्या. त्या गप्पांच्या कॅसेट आम्ही उतरवून द्यायच्या. गावाचं नाव कुठे सांगायचं नाही असं ठरलेलं होतं, म्हणून आम्ही त्याला नदीगाव म्हणू लागलो. इथे लिहिलेली माणसांची नावंही मी बदलली आहेत.

डॉक्टरांच्या आतड्या-काळजांनंतर हे काम म्हणजे सुट्टीच होती. दोघींवर सोपवलं होतं, माझ्यावर आणि नेहावर. नेहा नागपूरची. नवऱ्याला इथल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली म्हणून आलेली. आली तेव्हा मला काकू म्हणायची. मी म्हटलं, "अक्का म्हण. इथे काकू म्हटलंस तर मी वळून बघणार नाही." तेव्हापासून मी तिची अक्का. तिचं मराठी ऐकून मला वाटायचं, ही रेडिओवर बोलतेय. माझं ऐकून तिला काय वाटायचं हे तिनं कधी सांगितलं नाही, पण मी "स्वल्प थांब" म्हटलं की ती हसायची.

नदीगावचे लोक बोलायला मोकळे होते. एक न्हावी गिऱ्हाइकाचे केस कापता कापताच मुलाखत देत होता. त्याचं मत कळायचं ते कात्रीवरून. हत्तीवाल्यांबद्दल बोलताना कात्री सावकाश चालायची, गाढववाल्यांचं नाव निघालं की कचकच कचकच. खुर्चीतला माणूस मधेच म्हणाला, "अरे, आता कापायला काही उरलंय का?" तेही मी टाइप केलं. नियम म्हणजे नियम. एक शेतकरी ट्रॅक्टरचं इंजिन बंद न करताच बोलला. नेहा त्या कॅसेटवर आठवडाभर कुढत होती. आणि एक शाळामास्तरीण होती, तिचा शब्द न् शब्द इतका स्वच्छ की तिची कॅसेट कुणी घ्यायची यावरून आम्ही चिठ्ठ्या टाकल्या.

त्यांची मतदानाची पद्धत ऐकून मी चाटच पडले. आपण एका माणसासाठी एक शिक्का मारून घरी येतो. ते लोक राष्ट्राध्यक्ष, खासदार निवडतात ते ठीक. पण पोलिसांचा प्रमुख मतदानाने, न्यायाधीश मतदानाने, आणि मेलेला माणूस कशाने मेला हे ठरवणारा अधिकारीसुद्धा मतदानाने. नेहा म्हणाली, "अक्का, त्याचा प्रचार कसा करत असतील?" आम्ही दोघी पेडलवरचे पाय काढून हसत बसलो.

रूथबाईंना हेच समजून घ्यायचं होतं. टेकडीवरचे लोक म्हणजे शेतीवाले आणि दुकानदार. ते आजोबांपासून हत्तीचे. खाली नदीकाठी जुन्या गिरणीत काम केलेली कुटुंबं. ती तशीच पिढीजात गाढवाची. पण पोलीसप्रमुख निवडायचा म्हटलं की नदीकाठचाही हत्तीवाल्याला मत द्यायचा, कारण त्याने रात्रीबेरात्री मुलाला घरी आणून सोडलेलं असायचं. एक म्हातारा म्हणाला होता, "वॉशिंग्टनला कुणीही जावो. माझी गाय रस्त्यावर आली तर फोन कुणाला करायचा, ते मला ठरवायचंय."

त्या वर्षी त्यांच्या मतपत्रिकेवर दोन प्रश्नही होते. हो किंवा नाही, एवढंच उत्तर. पहिला प्रश्न शाळेचा. गावची शाळा लहान, मुलं कमी होत चाललेली. ती चालू ठेवायची तर घरपट्टीवर जादा कर बसणार होता. दुसरा प्रश्न नदीचा. काठचा मातीचा बांध जुना झाला होता, तो उंच आणि भक्कम करायचा तर त्यालाही लोकांच्याच खिशातून पैसे. दोन्ही एकदम झेपणार नाहीत हे गावात सगळ्यांना कळत होतं, त्यामुळे गावात दोन तट पडले होते. आणि मौज म्हणजे ते हत्ती-गाढवाप्रमाणे पडले नव्हते. एकाच घरात, एकाच टेबलावर जेवणारी माणसं दोन बाजूंना होती.

आता घोळ सांगते. इंग्रजीत त्या कराला म्हणतात लेव्ही. आणि नदीच्या बांधाला म्हणतात, तेही लेव्हीच. एकाचं स्पेलिंग वायवर संपतं, दुसऱ्याचं दोन ईंवर. कानाला दोन्ही अगदी एक.

मला लेव्ही हा शब्द लहानपणापासून माहीत. धान्यावरची लेव्ही, सरकारची लेव्ही, घरी दुकानात हेच बोलणं चालायचं. लेव्ही म्हणजे कर, दुसरं काही असतं असं माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. मी सगळीकडे कर लिहिला. नेहानं आपल्या पहिल्याच कॅसेटमध्ये नदीच्या पुराचं वर्णन ऐकलं, शब्दकोश उघडला, तिला बांध सापडला. तिनं सगळीकडे बांध लिहिला. दोघींनी एकमेकींचं काम तपासायचं असा नियम होता, पण आम्ही बघायचो ती वाक्यं आणि विरामचिन्हं. स्पेलिंग दोन्ही खरीच होती, कॉम्प्युटरनेही तांबडी रेघ ओढली नाही.

एके संध्याकाळी निघायच्या वेळेला रूथबाईंचा फोन आला. त्यांच्याकडे सकाळ झालेली. सरांनी आम्हा दोघींना केबिनमध्ये बोलावलं आणि फोनचा स्पीकर लावला.

बाई फार शांत बोलायच्या. म्हणाल्या, "मी बरीच वर्षं निवडणुकांचा अभ्यास करते आहे. या गावात मला एक अजब गोष्ट सापडली आहे. इथल्या माणसाला शाळा हवी की बांध, हे त्याच्या पक्षावर ठरत नाही. चर्चवर नाही, मिळकतीवर नाही, तो टेकडीवर राहतो की नदीकाठी यावरही नाही. ते ठरतं त्याच्या कॅसेटचा नंबर सम आहे की विषम यावर."

विषम नंबर माझे होते, सम नेहाचे.

सरांनी आमच्याकडे बघितलं. आम्ही एकमेकींकडे बघितलं. मग नेहानं हळूच विचारलं, "मॅडम, लेव्हीला वाय की दोन ई?"

पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला. मग बाई म्हणाल्या, "दोन्ही."

त्या चिडल्या नाहीत, पण अडचण खरी होती. मतदानाच्या आधी गावच्या वाचनालयात सभा ठरली होती. लोक काय म्हणाले ते, नावं न घेता, मी वाचून दाखवीन, असं बाईंनी गावाला कबूल केलं होतं. दोन्ही तट एकमेकांशी बोलेनासे झाले होते, निदान एकमेकांचं म्हणणं तरी ऐकतील, अशी त्यांची कल्पना. आमचे कागद तसेच वाचले असते तर बांधासाठी भांडणारा म्हातारा आपल्याच तोंडी शाळेचा कर ऐकून उठून उभा राहिला असता, आणि त्या गावात बाईंना पुन्हा कुणी दार उघडलं नसतं. सभा आठवड्यावर आली होती.

फोन ठेवल्यावर सर कन्नडमध्ये म्हणाले, "सरोजक्का, मीच सांगितलं होतं ना, कानाला आलं ते लिहा?"

"कानाला आलं तेच लिहिलं, सर," मी म्हटलं.

"सरी," ते म्हणाले. "आता डोकं वापरा."

डॉक्टरांचं काम तेव्हा कमी झालं होतं. हे कामही गेलं तर ऑफिसातल्या किती जणी टिकतील, हे सर बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोचलो तर त्यांनी आमच्यासाठी स्वतःची केबिन रिकामी करून ठेवली होती आणि आपण जिन्याजवळच्या टेबलावर बसले होते.

सगळ्या कॅसेट पुन्हा ऐकायच्या होत्या, आणि या वेळी दोघींनी मिळून. एका टेपरेकॉर्डरला दोन हेडफोन लागावेत म्हणून माझ्या यजमानांनी घरी बसून एक वायर जोडून दिली. ती अधूनमधून खरखरायची, मग नेहा ती बोटात धरून बसायची.

पहिला दिवस आमचा भांडणातच गेला. नेहा म्हणाली, "अक्का, तुमच्या त्या दुकानातल्या लेव्हीमुळे झालं हे. जिथेतिथे कर."

"आणि तुझ्या शब्दकोशामुळे नाही झालं? उघडलास तर पुढचं पानही बघायचंस."

दुपारी डबेसुद्धा वेगवेगळ्या टेबलांवर उघडले. मग तिला माझ्या डब्यातल्या चित्रान्नाचा वास आला असावा. ती आली, समोर बसली आणि म्हणाली, "चुकलंच आपलं दोघींचं. थोडं द्या ना." तेवढ्यावर मिटलं.

आम्हांला वाटलं होतं, पुढचं-मागचं वाक्य ऐकलं की कळेल. पुष्कळदा कळायचंही. पोरं, वर्ग, बस आली की कर. चिखल, वाळूची पोती, पाणी आलं की बांध. पण माणसं फार चमत्कारिक बोलतात. "लेव्ही वाढवायला हवी," असं एकजण म्हणाला. काय वाढवायची? करही वाढवतात, बांधही वाढवतात. "लेव्हीवर माझा भरवसा नाही," दुसरा म्हणाला. यात काय लिहिणार? मग मागे जायचं, तो आधी घराबद्दल काय बोलला, मुलं कुठे शिकतात, तळघरात पाणी येतं का, सगळं ऐकत यायचं. एका शब्दासाठी अख्खा माणूस ऐकावा लागायचा. इतकी वर्षं मी लोकांचं बोलणं टाइप केलं, पण मन लावून ऐकलं ते त्या आठवड्यात.

आणि तेव्हा नदीगाव आम्हांला नव्यानं दिसलं. तो ट्रॅक्टरवाला आठवा. जन्माचा हत्तीवाला, कर या शब्दाचाच शत्रू. नेहानं त्याला बांधवाला करून टाकलं होतं. इंजिनाच्या घरघरीत नीट कान लावला तर तो म्हणत होता, "आयुष्यात कुठल्याही कराला हो म्हटलं नाही. या लेव्हीला म्हणणार आहे. माझी चारी पोरं त्याच बाकांवर शिकली. बायकोला सांगू नका, ती म्हणेल मी म्हातारा झालो." आणि नदीकाठची एक विधवा, नवरा गिरणीत युनियनचा माणूस, घर पक्कं गाढवाचं. तिला मी शाळेच्या बाजूची केली होती. ती प्रत्यक्षात म्हणत होती की शाळा चांगली गोष्ट आहे, पण पाणी आलं तर माझं घर जाईल, शाळा टेकडीवर आहे, ती जाणार नाही. पक्ष कुठल्या कुठे राहिला. ज्याला ज्याची भीती, त्याप्रमाणे त्याचं मत.

सगळ्या कॅसेट झाल्या. फक्त एकच लागेना.

ही डॉरिस. शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं नोकरी केली होती, आता निवृत्त. आवाज जाडा, घोगरा, मायेचा. तिचा नवरा हॅरॉल्ड बांधाच्या समितीत होता. त्याची वेगळी कॅसेट होती, त्यात तो बांधाशिवाय दुसरं बोललाच नव्हता. आणि डॉरिसची धाकटी बहीण शाळा वाचवणाऱ्यांची पुढारी. डॉरिस म्हणत होती, "मी लेव्हीच्या बाजूची. पहिल्या दिवसापासून. हॅरॉल्डला विचारा, बहिणीला विचारा. दोघंही हेच सांगतील."

आम्ही ते वाक्य इतक्यांदा ऐकलं की मला तिच्यासारखं बोलता येऊ लागलं. तिच्या पूर्ण मुलाखतीत पोरांचंही येत होतं आणि नदीचंही, दोन्ही सारख्याच प्रेमाने. मी म्हणायची कर, ही शाळेची बाई. नेहा म्हणायची बांध, नवऱ्याचं घर. मग तासाभराने दोघी आपापली बाजू बदलायचो.

सरांना बोलावलं. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "अस्पष्ट, असं लिहून टाका."

मी म्हटलं, "सर, आवाज अगदी स्पष्ट आहे. आपल्यालाच कळत नाही, त्याला ती काय करणार? तिलाच विचारू या."

अमेरिकेला फोन करायचा म्हणजे तेव्हा सरांच्या कपाळावर आठी यायची. ती आली, पण त्यांनी नंबर फिरवला. रूथबाई म्हणाल्या, विचारते.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला तेव्हा त्या बोलण्याआधीच हसत होत्या. त्यांनी डॉरिसला सगळी हकिकत सांगितली, बंगळूरच्या दोन बायका तुझ्या एका शब्दापाशी अडून बसल्या आहेत म्हणून. डॉरिसला इतकं हसू आलं की तिला खुर्चीत बसावं लागलं. मग म्हणाली, "किती महिने मी हे सगळ्यांसमोर बोलतेय. दुकानात, चर्चमध्ये, जेवणाच्या टेबलावर. एकानेही विचारलं नाही, कुठली लेव्ही? हॅरॉल्डला वाटतं मी बांधाची, बहिणीला वाटतं मी शाळेची. रविवारी दोघं माझ्याकडेच जेवतात. त्या बायकांना सांग, तुम्हांला आवडेल तसं लिहा."

रूथबाईंनी त्या शब्दापाशी दोन्ही स्पेलिंगं लिहायला सांगितली, मध्ये तिरपी रेघ.

मला त्या बाईचं फार कौतुक वाटलं. कारण आमच्याकडे त्याच सुमाराला निवडणूक होती, आणि आमच्या एकत्र कुटुंबात मत कुणाला द्यायचं हे दीर ठरवायचे. सगळ्यांना हॉलमध्ये बसवून सांगायचे आणि शेवटी माझ्याकडे बघून विचारायचे, "वैनी, ठरलं ना?" मी म्हणायची, "सरी." आता सरी म्हणजे बरं, ठीक, ऐकलं. हो असा त्याचा अर्थ घ्यायचा तर घ्यावा. दीर घ्यायचे. मी मतदान केंद्रात जाऊन मला हवं ते करायची आणि घरी येऊन सगळ्यांसाठी कॉफी ठेवायची. डॉरिसचं ऐकेपर्यंत मला वाटत होतं की हे फक्त मलाच सुचलंय.

नदीगावची सभा झाली. रूथबाईंनी आधी आमच्या घोळाची गोष्ट सांगून टाकली. त्यांनी कळवलं की सभेत कितीतरी दिवसांनी दोन्ही तट एकदम हसले. नंतर त्यांनी लोकांचं बोलणं वाचलं, आणि लोक शेवटपर्यंत बसून राहिले. एकमेकांना पटलं असं नाही, पण ऐकून घेतलं. सरांनी आम्हांला नावाजलेल्या एमटीआर हॉटेलाच्या पद्धतीचा डोसा खायला नेलं, म्हणजे शेजारच्याच हॉटेलात, जिथला मालक तो तसाच असतो असं म्हणायचा.

मग मतदान झालं. बांध जिंकला. शाळा अगदी थोड्या मतांनी हरली.

त्या मास्तरणीची कॅसेट चिठ्ठीत नेहाला आली होती. जेवणाच्या सुट्टीत मला म्हणाली, "आता ती बाई कुठे शिकवेल हो?" मला तरी काय माहीत असणार? एखादं गाव कानांनी आपल्यात शिरलं की त्याचं हरणंही शिरतं, एवढं मला तेव्हा कळलं. आपण दूर बसून शब्द टाइप करणाऱ्या बायका, आपल्याला कशाला वाईट वाटावं, असं मनाला पुष्कळ समजावलं. उपयोग झाला नाही.

ते काम पुढे फार दिवस राहिलं नाही. कॅसेट गेल्या, आवाज कॉम्प्युटरवरून येऊ लागले, सरांच्या कंपनीपेक्षा मोठ्या कंपन्या आल्या. सरांनी शेवटी पहिला मजला सोडला. मी आता मुलाकडे एचएसआर लेआउटमध्ये असते. इथली तरुण मंडळी अमेरिकेशी रोज बोलतात, पडद्यावर तोंडं बघून बोलतात. मला त्याचा हेवा वाटत नाही. तोंड दिसलं असतं तर मी इतकं ऐकलं नसतं, असं मला वाटतं. खंत एकच आहे, की त्या गावच्या कुणाला आपण कधी "ऐकलं बरं का" एवढंही म्हटलं नाही.

कंपनी चालू होती तोवर, मतदानानंतरच्या वर्षी, रूथबाई पुन्हा नदीगावला गेल्या आणि कॅसेटचा दुसरा गठ्ठा आला. त्यात डॉरिस होती. या वेळी चिठ्ठ्या टाकल्या नाहीत. नेहानं ती कॅसेट सरळ माझ्या टेबलावर आणून ठेवली.

सुरुवातीला इकडचं तिकडचं. बांध झाला होता. गावची मुलं बसने शेजारच्या गावी शाळेला जात होती. मग रूथबाईंनी विचारलं, "गेल्या वर्षी तू मला सांगितलं नव्हतंस. आता सांगशील?"

मी पेडल दाबून होते. टेपवर मागे कुठेतरी नळ गळत होता.

"मातीला," डॉरिस म्हणाली. लेव्ही हा शब्द तिनं या वेळी वापरलाच नाही. "मी मत मातीला दिलं. जन्मभर त्या पोरांना वाढलं आणि मत मातीला दिलं."

रूथबाईंनी तिला बोलू दिलं. त्यांचं हे मला आवडायचं.

"पाऊस लागला की हॅरॉल्ड झोपत नाही," ती पुढे म्हणाली. "लहानपणी त्यानं घर वाहून जाताना पाहिलंय. उठतो, खिडकीशी जाऊन बसतो. लग्न झाल्यापासून बघतेय. त्याला वाटतं मला गाढ झोप लागलीय. बांधाचं मला पटलं म्हणून मी त्याच्या बाजूची, असंही त्याला वाटतं. वाटू दे."

"आणि आता?"

"परवा मोठा पाऊस झाला. झोपला तो. घोरत होता." मग म्हणाली, "शाळेवरून मी जात नाही आता. दुकानात मागच्या रस्त्याने जाते."

इतक्यात दार वाजलं. जड पावलं आत आली, आणि हॅरॉल्डचा आवाज आला. "काय विचारतेय ही?"

"पावसाचं," डॉरिस म्हणाली. "मी सांगितलं, आपल्याकडे चांगला झाला."

मग खुर्ची सरकली, कपबश्या वाजल्या आणि कॅसेट संपली. मी शेवटचं वाक्य टाइप केलं आणि हेडफोन काढून तशीच बसून राहिले.

समोरच्या टेबलावरून नेहा केव्हापासून माझ्याकडे बघत होती. "अक्का, काय म्हणून राहिली हो आपली म्हातारी?"

तपासायला ती फाइल दुसऱ्या दिवशी तिच्याकडेच जाणार होती, हे मला ठाऊक होतं.

"काही नाही," मी म्हटलं. "पावसाचं बोलतेय."